किराणा दुकानात दारू विकता येते का? दुकानांच्या वेळा काय?

परतवाडा : किराणा दुकान, पानटपरी किंवा ढाब्यावर बिनापरवाना दारू विकायला कोणतीच वेळ कायदेशीर नाही. महाराष्ट्र दारूबंदी कायदा, 1949 नुसार विक्रीसाठी राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो. 1000 चौरस फुटांवरच्या सुपरमार्केटात वाईन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने 27 जानेवारी 2022 रोजी घेतला होता. विरोधानंतर तो रखडला.

परवानाधारक दुकानं बंद करायची वेळ :

- विदेशी दारू (वाईन शॉप) : रात्री 10.30
- देशी दारू : महापालिका आणि अ, ब वर्ग नगरपालिका हद्दीत रात्री 11, बाकी गावांत रात्री 10

नाताळ आणि 31 डिसेंबरला शासन वेळ वाढवून देते. निवडणुकीत मतदान संपण्याआधीचे 48 तास विक्री बंद असते. विदेशी दारूसाठी वयाची अट 25 वर्षे, बिअरसाठी 21.

परवाना असलेलं दुकानही गावाला नको असेल तर 25 टक्के महिला मतदारांनी सह्यांचं निवेदन द्यायचं. पडताळणीनंतर मतदान होतं. आडव्या बाटलीला यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं पडली, तरच दुकान बंद होतं. म्हणून त्या दिवशी जी बाई घरी राहते, तिचं मत उभ्या बाटलीच्याच कामी येतं.