आमच्या घराण्यातील एक चढ

खोपटात राहणाऱ्या माणसाने चढावर लेख लिहावा, हे बँकेतल्या कॅशियरने श्रीमंतीवर लेख लिहिण्यासारखे आहे. कॅशियरला नोटा रोज दिसतात, तसा आम्हाला येऊरचा डोंगर रोज दिसतो. पण त्यातले आपले काही नाही, हे दोघांनाही पक्के ठाऊक असते. आमचे खोपट सपाट. एसटीच्या आगारात गाडी ब्रेक न लावता उभी करून ड्रायव्हर चहाला गेला, तरी परत येईपर्यंत ती तिथेच उभी असावी, इतके सपाट. चढ म्हणून आमच्या वाट्याला दोनच येतात : नितीन कंपनीजवळचा उड्डाणपूल आणि ठाणे स्टेशनचा जिना. पहिला रिक्षा चढते आणि दुसरा मागची गर्दी चढवते. स्वतःच्या पायांनी म्हणाल तर आम्ही काहीच चढत नाही.

नोकरीतही तेच. बी.कॉम. होऊन बँकेत चिकटलो त्याला चोवीस वर्षे झाली. प्रमोशनचा फॉर्म अधूनमधून येतो. मी तो अगदी मन लावून वाचतो आणि 'भारतात कोठेही बदली' या ओळीपाशी आलो, की व्यवस्थित घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवतो. सौ. म्हणते, "तुम्हाला शिडी चढायचीच नाही!"

ती हे मोठ्याने म्हणते, त्याचे मला काही वाटत नाही. भीती वाटते ती बाबांनी ऐकण्याची. कारण शिडी हा शब्द आमच्या घरात जपून उच्चारावा लागतो. आमची एक खरीखुरी शिडी होती. ती मुंबईत आहे आणि तिला सिरी रोड म्हणतात.

गिरगाव चौपाटीची वाळू जिथे संपते आणि मलबार हिल सुरू होते, तिथून एक अरुंद रस्ता झाडीत शिरतो आणि वळत वळत टेकडीच्या माथ्यावर, कमला नेहरू पार्कच्या आसपास बाहेर पडतो. टेकडीची उंची सुमारे ५० मीटर. हिमालयाला हे सांगितले तर तो हसेल. पण हा रस्ता ते सगळे मीटर एकरकमी मागतो. हप्त्यांची सोय नाही.

आमच्या चिरंजीवांना वाटले, सिरी म्हणजे मोबाइलमधली ती बोलणारी बाई. त्याचा दोष नाही; आजकाल वाट विचारायची ती तिलाच. पण हे नाव त्या बाईच्या पणजीहूनही जुने आहे. सिरी म्हणजे आपली शिडी. साहेबाच्या जिभेला 'ड' जड गेला आणि शिडीची सिरी झाली. ज्याने शीवचे सायन केले आणि आमच्या ठाण्याला 'टॅना' म्हटले, त्याच्याकडून 'ड' सुखरूप परत येईल अशी अपेक्षा ठेवणे चूक.

ही शिडी मुळात यात्रेकरूंची वाट. टेकडीच्या पलीकडच्या अंगाला वाळकेश्वर आणि बाणगंगा. सीतेच्या शोधात निघालेल्या रामाने इथे वाळूचे लिंग करून पूजा केली म्हणून वाळूचा ईश्वर तो वाळकेश्वर, आणि बाण मारून पाणी काढले म्हणून बाणगंगा, अशी कथा आहे. समुद्राच्या काठाने आज जो रुंद रस्ता वळसा घेऊन जातो, तो तेव्हा नव्हता. गिरगावच्या बाजूने येणाऱ्या भाविकाला टेकडी चढूनच पलीकडे जावे लागे. पुण्य चढावर ठेवायचे ही आपली जुनी पद्धत. सपाटीवर ठेवले तर गर्दी होते.

वर कोण कोण गेले, याचा जुना हिशेब मोठा गमतीचा आहे. १६७३ साली जॉन फ्रायर नावाचा इंग्रज डॉक्टर मुंबईत आला. त्याने ही टेकडी पाहिली तेव्हा ती खडक, झाडे आणि उंच गवत यांनी भरलेली होती. माथ्यावर पारशांची दखमा नुकतीच उभी राहिली होती आणि समुद्राकडच्या उतारावर तळ्याजवळ एका भव्य देवळाचे अवशेष होते. देऊळ पोर्तुगीजांच्या काळात गेले होते. लोक मात्र यायचे थांबले नव्हते. देव पडक्या जागेत असला तरी आपल्या माणसाला चालते. तो स्वतःही तशाच जागेत राहत असतो.

देऊळ पुन्हा बांधले ते १७१५ साली, रामा कामती या शेणवी व्यापाऱ्याने. हा ईस्ट इंडिया कंपनीच्या विश्वासातला मोठा माणूस. पुढे १७२० साली त्याच्यावर आळ आला, की हा आतून कान्होजी आंग्र्यांना सामील आहे. पुराव्यादाखल पत्रे हजर झाली, खटला झाला, मालमत्ता गेली, आणि १७२८ साली बिचारा कैदेतच वारला. ती पत्रे बनावट होती हे नंतर उघडकीस आले. पण तोवर व्हायचे ते होऊन गेले होते. चोवीस वर्षे चेकवरच्या सह्या ताडून पाहणारा माणूस म्हणून मला ही गोष्ट वाचताना फार हळहळ वाटते. कंपनी सरकारच्या काउंटरवर एखादा आमच्यासारखा किरकिरा क्लार्क बसलेला असता, तर "सही जुळत नाही, पार्टीला घेऊन या" म्हणून त्याने कागद परत केले असते आणि रामा कामती घरी गेला असता. आम्हाला लोक उगाच नावे ठेवतात.

आणखी एक पाहुणे म्हणजे राघोबादादा. टेकडीच्या पार टोकाला, जिथे आज राज्यपाल राहतात त्या बाजूला, श्रीगुंडी नावाचा खडक होता. त्याच्या भोकातून जो अंग चोरून पलीकडे जाईल त्याचे पाप धुतले जाते, अशी श्रद्धा. नारायणरावांच्या खुनानंतर राघोबादादा इंग्रजांच्या आश्रयाला आले, तेव्हा तेही या खडकातून पार झाले, असे जुन्या इंग्रज लेखकांनी लिहून ठेवले आहे. 'ध'चा 'मा' कोणी केला हा वाद आपल्याकडे अजून चालू आहे. पण ज्या टेकडीवर तो धुवायला न्यायचा, तिच्या वाटेवर 'ड'चा 'र' झाला, एवढे मी खात्रीने सांगू शकतो.

पुढे एकोणिसाव्या शतकात साहेबाला टेकडीवरची हवा मानवली. गाडीरस्ते आले, बंगले आले, गव्हर्नरही राहायला आले. यात्रेकरूंची टेकडी साहेबांची झाली, मग शेटजींची झाली, मग मंत्र्यांची. प्रत्येक जण वर गेला आणि वरच राहिला. फक्त शिडीवरून जाणारी माणसे तेवढी वर जाऊन, हात जोडून, संध्याकाळी खाली आली. त्यांत आमची आजी होती.

आमचे बिऱ्हाड तेव्हा गिरगावातल्या एका चाळीत. दर श्रावणी सोमवारी आजी मुलांना घेऊन शिडीने वाळकेश्वराला जायची. सोबत पितळी तांब्या, बेलाची पुडी आणि एक नियम : या वाटेवर कुणी 'दमलो' म्हणायचे नाही. "देवाच्या वाटेवर दमत नाहीत रे, टेकतात," असे ती म्हणे. त्यामुळे अर्ध्या चढावर एका वळणाशी सगळे 'टेकत'. बाबांनी मलाही एकदा खांद्यावरून तिथे नेले होते. मी पाच वर्षांचा होतो. मला फक्त बाबांचे ओले केस आणि खाली चमकणारा समुद्र आठवतो.

१९८४ साली ती खोली गेली. गेली म्हणजे बाबांनी ती सोडली. आत्याचे लग्न, आजीचे दुखणे, दोन काकांच्या वाटण्या... खोली एक आणि तिला तोंडे पाच. पगडीचे पैसे आले तसे वाटले गेले, आणि उरलेल्यात खोपटात वन-रूम-किचन बसले. तेव्हापासून बाबा एकच क्रियापद वापरतात. इतर लोक मुंबईहून ठाण्याला राहायला आले, बाबा म्हणतात, "आम्ही उतरलो." आणि कुठल्याही लग्नमुंजीत पंगत बसली, की आत्या कुणाला तरी सांगतेच, "दादाने गिरगाव विकलं." जसे काही गिरगाव संपूर्ण आमच्या सातबाऱ्यावर होते!

आजी खोपटात दोनच श्रावण राहिली. सोमवार आला की विचारायची, "शिडीला जायचं ना?" तिला तिथवर नेणे शक्य नव्हते. बाबा रिक्षा करून तिला कोपिनेश्वराच्या देवळात न्यायचे. ती हात जोडायची आणि परतताना म्हणायची, "छान आहे रे. पण हा वाळकेश्वर नव्हे." बाबा काही बोलायचे नाहीत. पुढे चाळीस वर्षे ते त्यावर काही बोलले नाहीत.

मागच्या श्रावणात मात्र एका रविवारी जेवताना म्हणाले, "उद्या शिडीला जाऊ." बाबांचे वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे त्याहून थोरले. सौ.ने माझ्याकडे पाहिले, मी ताकाकडे पाहिले, आणि दुसऱ्या दिवशी किरकोळ रजा टाकून निघालो. दादरला बदलून चर्नी रोड, तिथून चौपाटी. १८५३ साली पहिली आगगाडी बोरीबंदरहून ठाण्याला ५७ मिनिटांत आली होती. आम्हाला उलट जायला त्याहून अधिक लागली. पण त्या गाडीला दादरला बदलायचे नव्हते.

चढ सुरू झाला. बाबा काठीने एकेक पाऊल मोजत होते. मी मागे, ते घसरले तर धरायला म्हणून. खरे सांगायचे तर धाप मलाच लागली होती, आणि नियमामुळे बोलायची सोय नव्हती. बाबा म्हणाले, "ऑगस्ट २०२० च्या पावसात या टेकडीचा एक तुकडा केम्प्स कॉर्नरच्या अंगाला पाटकर मार्गावर कोसळला होता. पेपरात वाचलं आणि वाटलं, आता शिडीही जाते." गिरगाव सोडून चाळीस वर्षे झाली, तरी इकडचा एक दगड हलला की त्यांना खोपटात कळते. मग झाडीतला तो नवा लाकडी मार्ग मी त्यांना सांगितला. २०२५ च्या मार्चमध्ये महापालिकेने तो खुला केला. लांबी सुमारे ४८५ मीटर, तिकीट २५ रुपये. बाबा थांबलेच. "झाडं बघायला तिकीट? आई सहा जणांना फुकट दाखवायची."

अर्ध्या चढावर वळण आले. बाबांनी रस्त्याकडेच्या कठड्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "जरा टेकू."

खाली समुद्र होता. पावसाची भुरभुर होती. बाबा बराच वेळ गप्प राहून म्हणाले, "इथून खाली उतरलो ते उतरलोच. आईला मी उतरवलं."

मला धीर द्यायला जमत नाही. काउंटरपलीकडे बसून ती सवय गेली आहे. मला फक्त माहिती देता येते, म्हणून मी माहिती दिली. म्हटले, "बाबा, हे वाळकेश्वराचं मूळ देऊळ कुणाचं, ठाऊक आहे? शिलाहारांच्या काळातलं. त्यांच्या दरबारातल्या लक्ष्मण प्रभू नावाच्या मंत्र्याने बांधलं, असं परंपरा सांगते. आणि शिलाहारांची राजधानी कुठे होती?"

"कुठे?"

"ठाण्याला. श्रीस्थानक म्हणायचे. मुंबई म्हणजे तेव्हा कोळ्यांची बेटं. हुकूम ठाण्याहून सुटायचे आणि अंमलबजावणी इथे व्हायची."

बाबा पस्तीस वर्षे एका कचेरीत हेडक्लार्क होते. मुद्दा त्यांच्या तत्काळ लक्षात आला. "म्हणजे हेडऑफिस ठाण्याला?"

"हो. वाळकेश्वर ही ब्रँच."

"आणि कोपिनेश्वर?"

"आजचं देऊळ १७६० सालचं, मराठ्यांच्या अमलातलं. पण मूळ स्थान शिलाहारांचंच म्हणतात."

बाबांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला. पाऊस होता, त्यामुळे त्याला बरेच पुसावे लागले. मग म्हणाले, "हे तिला तेव्हा सांगायला हवं होतं."

मी काय बोलणार? मी तेव्हा तिसरीत होतो.

"चल, टेकून झालं," असे म्हणून ते उठले आणि माझ्या आधी वर पोचले. माथ्यावर म्हातारीच्या बुटापाशी पोरांची गर्दी होती. तिथून वाळकेश्वरापर्यंत आम्ही टॅक्सी केली. देवापुढे बाबांनी हात जोडले आणि पुटपुटले, ते मला नीट ऐकू आले नाही. पण त्यात ठाण्याचे नाव होते.

रात्री घरी आल्यावर त्यांनी आत्याला फोन लावला. वय झाल्यामुळे ते फोनवर ओरडून बोलतात, म्हणून सगळ्या मजल्याने ऐकले, "अगं, आपण गिरगावातून उतरलो नव्हतो. आपली हेडऑफिसला बदली झाली होती!" पलीकडे आत्या एवढा वेळ गप्प राहिल्याची आमच्या घराण्यात नोंद नाही.

दुसऱ्या दिवशी बँकेत मी ड्रॉवर उघडून प्रमोशनचा फॉर्म बाहेर काढला. घडी उलगडली. चढ चढलेला माणूस होतो, पोटऱ्या दुखत होत्या, अंगात वीरश्री होती. 'भारतात कोठेही बदली' या ओळीपर्यंत आलो आणि पुन्हा नीट घडी घातली.

हेडऑफिस सोडून ब्रँचला कोण जातो?