दंतजन्य अस्थिरोपण

काढलेल्या दाताची भरड करून ती त्याच रुग्णाच्या जबड्यातील हाडाची तूट भरण्यासाठी वापरण्याची पद्धत. दात काढल्यावर खोबण भरून येते, पण भोवतालचे हाड आकसते. ही झीज पहिल्या सहा महिन्यांत सर्वाधिक असते. मग कृत्रिम दात बसवण्यासाठी हाडात रोवायच्या इम्प्लांटच्या स्क्रूला पुरेशी पकड मिळत नाही.

दाताचा मुख्य भाग असलेल्या डेंटिनची घडण हाडासारखीच असते : वजनाने सुमारे ७०% खनिज, २०% सेंद्रिय द्रव्य (बहुतांशी कोलॅजन) आणि उरलेले पाणी. मार्शल युरिस्ट यांनी १९६५ मध्ये खनिज काढलेले हाड प्राण्यांच्या स्नायूत रोवले, तेव्हा तेथे नवे हाड तयार झाले. १९६७ मध्ये डेंटिनचाही असाच गुण दिसला. रुग्णोपचारात ही पद्धत पुढे रुजली ती मुख्यतः जपान व दक्षिण कोरियात.

दात काढताच त्यावरची कीड, जुने सिमेंट, कीटण आणि मुळाला चिकटलेले तंतू खरवडून काढतात. कोरडा केलेला दात छोट्या चक्कीत दळला की जाडसर रव्यासारखे कण मिळतात. जंतुनाशक द्रावणात भिजवून, धुऊन ते खोबणीत दाबून भरतात. खरी मेहनत साफसफाईची. दळणे काही सेकंदांचे काम. रूट कॅनाल केलेले दात आतील भरणामुळे सहसा टाळतात. एरवी अडचणीची ठरणारी अक्कलदाढ मात्र येथे चांगलीच उपयोगी पडते.

कण हळूहळू विरतात, त्यांच्या जागी हाड येते. इम्प्लांट साधारणतः तीन ते सहा महिन्यांनी बसवतात.