शंभर मण्यांची माळ

गेल्या दिवाळीत आमचा एक पुतण्या फराळाला आला आणि चकलीचा पहिला तुकडा मोडता मोडताच म्हणाला, "काका, एक्केचाळीस झाले!" क्षणभर मला वाटले, स्वारी आपल्या वयाविषयी बोलते आहे. पण तसे नव्हते. त्याचे एक्केचाळीस देश पाहून झाले होते. संयुक्त राष्ट्रसंघाचे सभासद देश 193. ते सगळे पाहावयाचे आणि जेथे सहसा कोणी फिरकत नाही असे कोपरे आधी गाठावयाचे, असा त्याने नेम केला आहे. "अरे, मग त्या देशांत पाहिलेस काय?" असे मी विचारले, तेव्हा तो हसला आणि त्याने चिवड्याची बशी पुढे ओढली.

मोजण्याच्या या छंदाला मी नावे ठेवीत नाही. माणूस घराबाहेर पडला की काही ना काही मोजतोच. पंढरीचा वारकरी मुक्काम मोजतो, नर्मदेचा परकम्मावासी घाट मोजतो, कोकणातला चाकरमानी गणपतीला उरलेले दिवस मोजतो. पण पुतण्याचे ते "एक्केचाळीस" ऐकले आणि मला एका अशा प्रवाशाची आठवण झाली, की ज्याने देश मोजले नाहीत, पावले मोजली. त्याचे नाव नैनसिंह रावत.

कुमाऊंच्या उत्तर टोकाला, जोहार खोऱ्यात, मिलम नावाचे एक गाव आहे. तेथे 1830 मध्ये नैनसिंहाचा जन्म झाला. तेथील लोक पिढीजात व्यापारी. उन्हाळ्यात खिंडी मोकळ्या झाल्या की धान्य घेऊन तिबेटात उतरावयाचे आणि मीठ, टाकणखार, लोकर घेऊन परत यावयाचे, हा त्यांचा क्रम. नैनसिंह मात्र व्यापारात रमला नाही. तो गावच्या शाळेत मास्तर झाला, आणि म्हणून सरकारी दप्तरात त्याला 'पंडित' हे नाव पडले.

इंग्रज सरकारने 1802 मध्ये मद्रासेजवळून हिंदुस्थानची त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली होती. साठ वर्षांत ती हिमालयाला भिडली आणि तेथेच अडली. कारण पलीकडे तिबेट, आणि तिबेटची दारे युरोपीय माणसाला जवळजवळ बंद. साहेबाला वेषांतरही साधेना. अडॉल्फ श्लागिंटवाइट नावाच्या जर्मन संशोधकाचा 1857 मध्ये काशगरला शिरच्छेद झाला होता. तेव्हा मोजणीखात्यातील कॅप्टन माँटगोमेरी याने वेगळाच विचार केला. तिबेटी भाषा येणारी, चेहऱ्याने त्या लोकांत मिसळून जाणारी सीमेवरची माणसेच का पाठवू नयेत? नैनसिंह आणि त्याचा भाऊबंद मणिसिंह यांची निवड 1863 मध्ये झाली आणि डेहराडूनला त्यांचे शिक्षण सुरू झाले.

हे शिक्षण मोठे गमतीचे होते. चढण असो, उतरण असो, की सपाटी असो, पाऊल नेमके साडेएकतीस इंचांच्या आसपास पडले पाहिजे. म्हणजे मैलाला 2,000 पावले. ती मोजावयाची कशी? तर जपमाळेने. आपल्याकडे काय आणि तिबेटात काय, माळेचे मणी 108. या माळेला मणी होते फक्त 100. शंभर पावले झाली की एक मणी ओढावयाचा. माळ पुरी झाली की 10,000 पावले, म्हणजे पाच मैल. हातात फिरते प्रार्थनाचक्र असे. त्याच्या पोटात मंत्राच्या गुंडाळीऐवजी कोरे कागद, आकडे टिपून ठेवण्यासाठी. सेक्स्टंट पेटीच्या चोरकप्प्यात. पारा कवड्यांत भरून मेणाने बंद केलेला. रात्री तो लाकडी वाडग्यात ओतला की ताऱ्याचे प्रतिबिंब पाहण्यापुरते क्षितिज तयार. उंचीसाठी एक उष्णतामापक. डोंगर जितका उंच, तितके पाणी कमी उष्णतेवर उकळते. ल्हासाला ते सुमारे 88 अंशांनाच उकळते. म्हणजे चहाच्या आधणावरून गावाची उंची काढावयाची! वाटेत कोणी गप्पा मारावयास आलाच, तर पंडिताने डोळे मिटून जपाला लागावे. जपात कोणी व्यत्यय आणीत नाही, हा त्यातला भरवसा.

नैनसिंह 1865 च्या आरंभी निघाला. नेपाळच्या वाटेने सरहद्दीवर गेला, तेथून परत फिरवला गेला, आणि पुन्हा वेष पालटून, व्यापाऱ्यांचा सोबती होऊन आत शिरला. जानेवारी 1866 मध्ये तो ल्हासाला पोहोचला. जवळचे पैसे संपत आले होते, म्हणून या शाळामास्तराने नेपाळी व्यापाऱ्यांना हिशेब शिकवून पोट भरले. परवानगीवाचून शहरात आलेल्या एका चिनी माणसाचा भर रस्त्यात शिरच्छेद झालेलाही त्याने पाहिला. दोन काश्मिरी मुसलमान व्यापाऱ्यांनी तर त्याचे खरे रूप ओळखले. परंतु ते कोठे बोलले नाहीत, उलट घड्याळ ठेवून घेऊन त्यांनी त्याला थोडे पैसे दिले. अशा गावात रात्री छपरावर चढून तारे पाहणाऱ्या त्या माणसाच्या छातीची धडधड मी पुष्कळदा कल्पिली आहे.

त्याच वर्षी मानससरोवराच्या बाजूने तो परत आला. 1,200 मैल; म्हणजे 24 लाख पावले; म्हणजे 240 माळा. ल्हासाचा अक्षांश त्याने 29 अंश 39 कला असा काढला. आजचा नकाशा काढून पाहा. तोच आकडा सापडेल.

पुढे 1867 मध्ये तो ठोक जालुंगच्या सोन्याच्या खाणींपर्यंत गेला आणि 1874-75 मध्ये लेहहून ल्हासामार्गे थेट आसामात उतरला. लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने 1877 मध्ये त्याला सुवर्णपदक दिले. त्याचा चुलतभाऊ किशनसिंह याचीही कथा अशीच. 1878 ते 1882 अशी चार वर्षे तो तिबेट आणि मंगोलियाच्या वाटांवर होता. एका टप्प्यावर लुटारूंच्या भीतीने सोबत्यांनी त्याला घोड्यावर बसावयास लावले, तेव्हा पठ्ठ्याने घोड्याची पावले मोजली!

येथे एक प्रश्न माझ्या मनात नेहमी उभा राहतो, आणि तो टाळणे बरे नव्हे. ज्यांनी याला यात्रेकरू समजून निवारा दिला, त्यांच्याच देशाचा नकाशा याने परक्या सरकारच्या हाती दिला. 1904 मध्ये यंगहजबंडची फौज ल्हासात शिरली, तेव्हा तो मुलूख साहेबाला पूर्वीसारखा अनोळखी राहिलेला नव्हता. मग याला प्रवासी म्हणावे की हेर? प्रामाणिकपणे सांगावयाचे तर तो दोन्ही होता. परंतु पुढच्या पंडितांना शिकविणारा आणि 'अक्षांश दर्पण' नावाचे पुस्तक हिंदीत लिहिणारा हा माणूस निव्वळ हुकमाचा ताबेदार होता, असे मला वाटत नाही. पृथ्वी कशी आहे हे जाणण्याची भूक मास्तराची होती. त्या ज्ञानाचे काय करावयाचे हे मात्र मास्तराला कोणी विचारले नाही.

आणि पदक मिळालेल्याची गोष्ट सांगितल्यावर, ज्याला काहीच मिळाले नाही त्याचीही सांगितली पाहिजे. सिक्कीमच्या किंथुपला लिहिता-वाचता येत नव्हते. तिबेटातली त्सांगपो हीच खाली आसामात ब्रह्मपुत्रा होते काय, हा त्या काळचा मोठा वाद. तो सोडविण्यासाठी कॅप्टन हार्मन याने 1880 मध्ये एका चिनी लामाबरोबर किंथुपला धाडले. खूण केलेले ओंडके त्सांगपोत सोडावयाचे आणि साहेबाने खाली आसामात पाळत ठेवावयाची, अशी ही परीक्षा होती. वाटेत लामाने पैसे उधळले आणि किंथुपला गुलाम म्हणून विकून तो चालता झाला. किंथुप पळाला, एका मठात शरण गेला. तेथल्या मुख्य लामाने त्याला पन्नास रुपयांना विकत घेतले. यात्रेची रजा मागून तो रानात गेला. त्याने 500 ओंडके तोडून गुहेत लपविले, मग पुन्हा रजा काढून ल्हासा गाठले, आणि अमुक दिवसापासून रोज पन्नास ओंडके सोडीन, असे पत्र दुसऱ्याकडून लिहवून दार्जिलिंगकडे पाठविले. परत येऊन आणखी काही महिने गुलामी केली आणि ठरल्या दिवशी एकेक करून ओंडके नदीत सोडले.

खाली आसामात कोणीच पाहत नव्हते. पत्र वेळेवर पोहोचलेच नव्हते, आणि हार्मन आजारी होऊन हिंदुस्थान सोडून गेला होता. पाचशे ओंडके ब्रह्मपुत्रेतून मुकाट्याने समुद्राला मिळाले असतील. किंथुप 1884 मध्ये परतला, तेव्हा त्याच्या हकिगतीवर पुष्कळांनी विश्वासही ठेवला नाही. 1913 मध्ये बेली आणि मॉर्सहेड हे दोन अधिकारी त्या दरीत गेले आणि निरक्षर किंथुपने निव्वळ स्मरणाने सांगितलेली वाट बहुतांशी खरी निघाली. बेलीने त्याला शोधून काढले, तेव्हा तो दार्जिलिंगात शिंप्याचे काम करीत होता. बेलीच्या खटपटीने सरकारने थोडी रक्कम दिली. त्यानंतर तो फार दिवस जगला नाही.

नैनसिंहाचे चित्र 2004 मध्ये आपल्या टपालखात्याने तिकिटावर छापले. ते तिकीट माझ्या संग्रही आहे. पुतण्याला मी ते दाखविले आणि ही सगळी कथा सांगितली. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग निघताना, पायांत जोडे घालता घालता, त्याने विचारले, "काका, आपल्या दारापासून कोपऱ्यावरच्या देवळापर्यंत किती पावले आहेत हो?"

मी या घरात चाळीस वर्षे राहतो आहे. मला सांगता आले नाही. आम्ही दोघे तसेच उठलो आणि मोजीत मोजीत देवळापर्यंत जाऊन आलो. जाताना आकडा एक आला, येताना दुसरा.