जुन्या मोटारींचे सुटे भाग (खानदेश)

जुन्या मोटारींचे सुटे भाग (खानदेश) : उत्पादन थांबलेल्या मोटारी चालत्या ठेवण्यासाठी लागणाऱ्या भागांचा शोध, त्यांची ओळख आणि खरेदी-विक्री, येथे मुख्यतः धुळे व जळगाव जिल्ह्यांच्या संदर्भात. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली झालेल्या दुरुस्तीनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षे पूर्ण झालेली, मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी वा चारचाकी ‘व्हिंटेज’ ठरते. जुन्या वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना ‘फिवा’ ३० वर्षांवर समाधान मानते. गॅरेजातली व्याख्या याहून सोपी आहे : ज्या गाडीचा भाग दुकानाच्या काउंटरवर मिळत नाही ती जुनी.

ही तिसरी व्याख्याच जास्त उपयोगी, कारण भाग मिळणे-न मिळणे गाडीच्या वयावर ठरत नाही. ती देशात किती वर्षे बनत राहिली यावर ठरते. हिंदुस्थान मोटर्सची अँबॅसडर १९५७ पासून २०१४ पर्यंत उत्तरपाड्याच्या कारखान्यातून निघत होती. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची फियाट ११०० पुढे ‘पद्मिनी’ झाली आणि विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत टिकली. महिंद्रने १९४७ साली विलीज जीप जोडायला घेतली आणि त्या घराण्यातली सीजे-३बी पुढे कित्येक दशके बनवली. त्यामुळे साठीतल्या जीपला किंगपिन मिळतो, पण तिच्याहून वयाने लहान असलेल्या स्टँडर्ड हेरल्डच्या दाराची कडी शोधताना माणूस मेटाकुटीला येतो.

सर्वांत अनाथ झाल्या त्या अमेरिकन मोटारी. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईला मोटारी जोडण्याचा कारखाना काढला. फोर्डही त्याच सुमारास भारतात आली. दुसऱ्या महायुद्धापूर्वी देशातल्या रस्त्यांवर अमेरिकन मोटारींचाच वरचष्मा होता. मात्र भाग देशातच बनवण्याचा कार्यक्रम ज्यांच्याकडे नाही त्यांनी नुसती जुळणी करू नये, असे धोरण १९५३ मध्ये सरकारने घेतले आणि या कंपन्यांनी वर्ष-दोन वर्षांत गाशा गुंडाळला. त्यानंतर शेवरलेटचा एखादा भाग हवा असेल तर दुसरी शेवरलेट मोडणे एवढाच मार्ग उरला.

खानदेशाचे स्थान : धुळे हे मुंबई-आग्रा रस्ता आणि सुरत-नागपूर रस्ता यांच्या चौफुलीवरचे शहर. पहिला रस्ता अनेक वर्षे राष्ट्रीय महामार्ग ३ आणि दुसरा ६ म्हणून ओळखला गेला. क्रमांक बदलले तरी जुन्या चालकांच्या तोंडी तेच आहेत. जळगाव त्याच सुरत-नागपूर रस्त्यावर, शिवाय मुंबई-भुसावळ लोहमार्गावर. ट्रकांच्या वर्दळीमुळे दोन्ही शहरांत महामार्गालगत पाटेवाले, रेडिएटरवाले, लेथवाले आणि भंगाराची आवारे वाढली. खास जुन्या मोटारींच्या भागांची पेठ येथे नाही. त्यासाठी मुंबईचा चोर बाजार व कुर्ला, पुण्याचा जुना बाजार, दिल्लीचे मायापुरी, कोलकात्याचा मल्लिक बाजार ही ठिकाणे आहेत. खानदेशात जुना भाग सापडतो तो ट्रक आणि ट्रॅक्टरच्या मालाच्या ढिगात, पोटात लपून बसलेला. तो काढायला वेळ असावा लागतो आणि कपडे मळण्याची तयारीही.

हवेचाही भाग आहेच. तापी खोऱ्यातला उन्हाळा ४५ अंशांपलीकडे जातो. या कोरड्या हवेत पत्रा तुलनेने कमी गंजतो, म्हणून कोकण-मुंबईच्या गाडीपेक्षा इकडच्या गाडीचे मडगार्ड, बॉनेट, दाराचा तळ बरा निघतो. रबराचे मात्र उलट. काचेचे बीडिंग, दाराची पट्टी, इंजिनाखालचे माउंटिंग उन्हात तडकून जाते. मुंबईकराने खानदेशातून पत्रा न्यावा आणि खानदेशाने मुंबईहून रबर आणावे, असा हा हिशेब.

शोध : मोठा झरा होता सरकारी लिलावांचा. जिल्हा परिषद, पाटबंधारे, पोलीस, वनखाते यांच्या जीपा आणि साहेबांच्या पांढऱ्या अँबॅसडर ‘निर्लेखित’ होऊन कार्यालयामागच्या बाभळीखाली वर्षानुवर्षे उभ्या राहत आणि मग गठ्ठ्याने विकल्या जात. घेणारा भंगारवाला त्यांचे ‘कटिंग’ करी. इंजिन, गिअरबॉक्स, डिफ्रेन्शियल वेगळे आणि पत्रा किलोवर. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरील सरकारी वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण बंद झाले आणि ती नोंदणीकृत भंगार केंद्रातच मोडायची असा नियम आला. त्यामुळे हा झरा आटत चालला आहे.

दुसरा स्रोत शेतावरचा. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महागत गेले, तसतशी जीपमालकांनी पेट्रोल इंजिने उतरवून डिझेल इंजिने बसवली. काळी-पिवळी म्हणून माणसे वाहणाऱ्या जीपांना तर पेट्रोल परवडणारेच नव्हते. काढलेले इंजिन गोठ्याच्या कडेला, कडबाकुट्टीशेजारी पडून राहिले. आज शोधणारे नेमके तेच विचारत येतात आणि मालकाला आजवर अडगळ वाटलेल्या वस्तूची किंमत अचानक कळते.

तिसरा स्रोत म्हणजे बंद पडलेल्या दुकानांचा ‘पेटीपॅक’ माल, डब्यासकट पडून राहिलेला कोरा जुना साठा. मायको प्लग, कॉन्टॅक्ट पॉइंट, तांब्याचे गॅस्केट, बेअरिंग असा माल निर्धास्त घ्यावा. ब्रेकचे वॉशर-कप मात्र पेटीपॅक असले तरी घेऊ नयेत. डब्यातले रबरही म्हातारे होते आणि ते कळते तेव्हा गाडी उतारावर असते.

ओळख : विक्रेत्याच्या तोंडचा ‘ओरिजिनल’ हा शब्द तीन अर्थांनी येतो : कंपनीने बनवलेला, त्याच गाडीवरून उतरवलेला, किंवा नुसताच चांगला. कोणता अर्थ आहे हे विचारून कळत नाही, भाग हातात घेऊन पाहावे लागते.

जीपच्या बाबतीत चिन्हे ठसठशीत आहेत. महायुद्धात जीप विलीज (एमबी) आणि फोर्ड (जीपीडब्ल्यू) या दोघांनी बनवली. भाग एकमेकांना बसतात, पण फोर्डने आपल्या बोल्टच्या डोक्यावरसुद्धा वळणदार ‘एफ’ उठवला. चेसीचा पुढचा आडवा दांडा गोल नळीचा असेल तर ती विलीज, उलट्या पन्हाळीसारखा असेल तर फोर्ड. लष्करी जीपच्या तोंडाला ९ फटी, विलीजच्या नागरी जीपला ७. सीजे-३बी तिच्या उंच बॉनेटवरून लांबूनच कळते. तिच्या इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये वर आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बाजूला ब्लॉकमध्ये असतो, म्हणून बॉनेट उंच करावे लागले. २.२ लिटरचा ब्लॉक दोन्ही पिढ्यांत जवळपास तोच असल्याने खालचे बरेच भाग चालतात, हेड चालत नाही.

फसगत होते ती क्राऊन-पिनियनमध्ये. लष्करी जीपच्या पिनियनला ८ आणि क्राऊनला ३९ दाते, म्हणजे ४.८८ चे प्रमाण. सीजे-३बीला ८ आणि ४३, म्हणजे ५.३८. वरून दोन्ही सारखेच दिसतात. चौचाकी ओढीच्या गाडीत पुढे एक आणि मागे दुसरे बसले तर फोर-व्हील टाकताच पुढचा आणि मागचा धुरा एकमेकांशी भांडू लागतात आणि ट्रान्सफर केस मरते. दाते मोजायला दोन मिनिटे लागतात. शिवाय क्राऊन आणि पिनियन कारखान्यात जोडीने घासलेले असतात. दोघांवर कोरलेला जुळणीचा आकडा एकच हवा. जोडी फोडून विकणाऱ्याकडून काहीच घेऊ नये.

फियाटमध्ये मराठी माणसाने ओळखीचे काम आधीच करून ठेवले आहे. १९५० च्या दशकातली, फुगीर नाकाची आणि पुढची दारे उलटी उघडणारी ११०० ती ‘डुक्कर फियाट’. तिच्यानंतर सिलेक्ट, सुपर सिलेक्ट, डिलाइट अशी नावे येतात आणि शेवटी पद्मिनी. इंजिन सर्वसाधारणपणे १०८९ घनसेंटिमीटरचे, बोअर ६८ आणि स्ट्रोक ७५ मिलिमीटर. म्हणून डुक्करचे इंजिन पद्मिनीच्या भागांवर जगवता येते, पण दार, काच, लोखंडी जाळी यांना पद्मिनीचा काही उपयोग नाही. अँबॅसडरचे तसेच : सुरुवातीच्या गाड्यांत १४७६ घनसेंटिमीटरचे साइड-व्हॉल्व्ह इंजिन होते, पुढे १४८९ चे ओव्हरहेड-व्हॉल्व्ह आले. हे दुसरे इंजिन ब्रिटनमधल्या मॉरिस, ऑस्टिन आणि एमजी गाड्यांचेही, आणि अँबॅसडर मुळात मॉरिस ऑक्सफर्डच, त्यामुळे तिकडचे ऑक्सफर्डवाले भाग आणि पत्र्यासाठी भारताकडे पाहत आले.

आट्यांची ओळख हे वेगळेच शास्त्र. इटालियन वंशाच्या फियाटला मेट्रिक आटे, अमेरिकन गाड्यांना इंची. ब्रिटनमध्ये व्हिटवर्थचे आटे १८४१ पासूनचे, त्यांचा कोन ५५ अंशांचा; बाकीच्यांचा ६०. १९४८ मध्ये ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा यांनी समान आटे ठरवले, त्यानंतर गोंधळ कमी झाला. सर्वांत खोडसाळ गाडी म्हणजे हिंदुस्थान-१०. ती मुळात मॉरिस-१०. मॉरिसने पूर्वी हॉचकिस या फ्रेंच कंपनीच्या धर्तीवर इंजिने बनवली, म्हणून तिच्या इंजिनाचे आटे फ्रेंच मेट्रिक पण बोल्टची डोकी व्हिटवर्थच्या पान्याची. पाना बसला म्हणून बोल्ट इंची समजून पिळणाऱ्याने आजवर किती ब्लॉक खराब केले असतील कोण जाणे.

विजेच्या भागांवर वेळ छापलेली असते. लूकसच्या डायनॅमोच्या अंगावर प्रकार, बनल्याचा महिना आणि वर्ष ठोकलेले सापडते. वायर-ब्रशने रंग काढून पाहावे. पिस्टनच्या माथ्यावरचा २०, ३०, ४० असा आकडा म्हणजे बोअर किती हजारांश इंच वाढवला त्याची नोंद. ‘चाळीसवर गेलेला’ ब्लॉक विकत घेणे म्हणजे स्लीव्हचा खर्च सोबत घेणे.

घडवून घेणे : मिळत नाही ते बनवायचे. भुसावळला रेल्वेचा विद्युत इंजिन कारखाना, तेथील १९४९ चा आणि वरणगावचा १९६४ चा आयुधनिर्माणी कारखाना, शिवाय जिनिंग आणि कापडगिरण्या. यांमुळे या भागात टर्नर आणि फिटर यांची वानवा कधी नव्हती. बुश, पिन, वॉटर पंपाचा दांडा, ब्रेक सिलिंडरचे स्लीव्ह ही कामे साध्या लेथवर होतात. दातांची चाके आणि ओतीव काम तिथे होत नाही. कारागिराला मोडका का होईना मूळ नग न्यावा. मोबाइलवरच्या फोटोवरून माप निघत नाही.

व्यवहार : भाव किलोवर, नगावर किंवा जोडीवर. शहाणा गिऱ्हाईक हव्या त्या भागाकडे बोट दाखवत नाही. आधी चार इतर वस्तू विचारतो, मग जाता जाता ‘भाऊ, हे पण टाका’ म्हणतो. विकणाराही तितकाच मुरलेला असतो आणि नेमका तोच भाग उचलून नगावर लावतो. पैशाइतकीच अदलाबदल चालते : जीपचे चांगले स्टिअरिंग बॉक्स देऊन फियाटची डिकी घेणे, असे. इंजिन नंबर वा चेसी नंबर असलेला भाग घेताना विक्रेत्याच्या नावाची लेखी पावती घ्यावीच. नंबर घासलेला असेल तर तो चोरीचा माल समजून हात लावू नये.

कायद्याने भागांच्या किमतीचे गणित बदलले आहे. २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणीला २०,००० रुपये शुल्क आणि १० वर्षांची मुदत आहे, नंतरच्या नूतनीकरणाला ५,००० रुपये. पाटीवर ‘व्हीए’ अक्षरे येतात आणि गाडी रोजच्या वा धंद्याच्या वापराला चालत नाही. चेसी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार नसावा ही खरी अट. वाहनाची मूळ रचना बदलता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. लग्नाच्या मिरवणुकीसाठी कापून, रुंद टायर लावून सजवलेली जीप या दारातून आत जात नाही. डिझेल चढवलेली जीपही जात नाही. तिला तिच्याच जातीचे पेट्रोल इंजिन परत हवे असते, आणि म्हणून पारोळा-एरंडोलकडच्या एखाद्या गोठ्यातल्या गंजक्या ब्लॉकवर आता ताडपत्री घातलेली दिसते.