परम संगणकांच्या पिढ्या आणि सी भाषेतील कोडचे स्थलांतर

सी भाषा जन्मली बेल लॅब्जमध्ये, पीडीपी-११ यंत्रावर. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात युनिक्स इतर यंत्रांवर नेताना पहिली अडचण बाइट्सच्या क्रमाची आली. दोन-दोन बाइट्सची अदलाबदल झाली की ‘युनिक्स’ हा इंग्रजी शब्द ‘नक्सी’ असा छापला जाई. आपल्याकडे हीच अडचण पुण्याच्या सी-डॅकच्या इतिहासात चांगली अभ्यासता येते.

क्रे संगणक हवा तसा मिळेना, म्हणून १९८८ मध्ये सी-डॅकची स्थापना झाली. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. त्यात इन्मॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर होते. ही ३२ बिटची चिप, आणि शब्दाचा सर्वांत कमी किमतीचा बाइट आधी ठेवणारी. १९९८ मध्ये परम १०००० आला. त्यातील सन कंपनीच्या अल्ट्रास्पार्क प्रोसेसरचा क्रम नेमका उलटा.

याचा परिणाम लक्षात घ्या. पहिल्या यंत्रावर १ ही पूर्णांक संख्या जशीच्या तशी फाईलमध्ये लिहिली, तर बाइट पडतात १, ०, ०, ०. दुसरे यंत्र तीच फाईल वाचते तेव्हा उत्तर येते १,६७,७७,२१६. कंपायलर चूक दाखवत नाही, कारण कोडमध्ये चूक नाहीच. तंजावरच्या सरस्वती महालातील मोडी कागदांचेही असेच आहे: भाषा मराठी, पण केवळ बाळबोध येणारा मराठी वाचक अडतोच. फरक एवढाच, की वाचकाला आपण अडलो हे कळते. यंत्राला कळत नाही.

पुढे २००२-०३ च्या सुमारास परम पद्म आला. त्यात आयबीएमचे पॉवर४ प्रोसेसर आणि एआयएक्स प्रणाली होती. बाइटक्रम स्पार्कसारखाच, तरी नवा पेच उभा राहतो. १९८९ च्या आन्सी प्रमाणाने ‘कॅर’ हा प्रकार चिन्हांकित की बिनचिन्हाचा, हे कंपायलरवर सोडले. सनच्या कंपायलरमध्ये तो चिन्हांकित होता, एआयएक्सवरील आयबीएमच्या कंपायलरमध्ये मुळातच बिनचिन्हाचा. ‘गेटकॅर’चे उत्तर अशा चलात साठवून ‘ईओएफ’शी, म्हणजे सामान्यतः उणे एकशी, तुलना केली की चलात २५५ राहते, तुलना कधीच जुळत नाही आणि लूप थांबत नाही. चिन्हांकित ‘कॅर’वर उलट दोष: फाईलमध्ये २५५ किमतीचा बाइट आला की वाचन मध्येच संपते. म्हणजे कोड आधीपासूनच चुकीचा. जुन्या यंत्रावर तो केवळ निभावला. चल ‘इंट’ घेतला की दोन्ही प्रश्न मिटतात.

६४ बिटच्या पद्धतीने कंपाइल करताना आणखी एक गोष्ट बिघडते: पॉइंटर आठ बाइट्सचा होतो, ‘इंट’ मात्र चारचाच राहतो. ‘मॅलॉक’ची हेडर फाईल जोडायची विसरली, तर जुना कंपायलर त्याचे उत्तर ‘इंट’ धरतो आणि पत्त्याचा वरचा अर्धा भाग गळतो. लहान चाचणीत हे कधी कधी दिसतही नाही, म्हणून हा दोष मला सर्वांत घातक वाटतो.

समांतर भागाची कथा थोडी बरी. ट्रान्सप्युटर चार दुव्यांनी शेजाऱ्यांशी बोलत, त्यामुळे तेथील संदेशवहन त्या यंत्राला बांधलेले होते. १९९४ मध्ये एमपीआय प्रमाण आले. त्यात पाठवणारा माहितीचा प्रकारही सांगतो, त्यामुळे बाइटक्रम बदलण्याचे काम लायब्ररीला करता येते. फाईलमध्ये थेट ओतलेल्या ‘स्ट्रक्चर’ना हे संरक्षण नाही. २००८ च्या परम युवामध्ये इंटेलचे झिऑन आले आणि बाइटक्रम पुन्हा ट्रान्सप्युटरसारखा झाला.