एका हंगामाचा वग

मुंबईजवळ गोराईला १९८९ साली एस्सेलवर्ल्ड सुरू झाले, तेव्हा तिकीट काढून दिवसभर मौज करण्याच्या या नव्या जागेचे फार कौतुक झाले. आम्हा करमाळकरांना त्यात फारसे नवल वाटले नाही. पाळणे, मौत का कुआँ, तंबूतला सिनेमा आणि रात्री तमाशाची कनात हे सारे आमच्या कमलाभवानीच्या यात्रेत होतेच. फरक एवढाच, की यात्रा उठली की मागे मोकळे माळरान उरे.

हे देऊळ अठराव्या शतकात रावरंभा निंबाळकरांनी बांधले. उंच दीपमाळा आणि शहाण्णव पायऱ्यांची विहीर आजही पाहायला मिळते. दगडाचे काम टिकले. मला सांगायचे आहे ते त्याच परिसरात रंगलेल्या आणि एका हंगामात संपलेल्या एका वगाविषयी.

१९७२ च्या दुष्काळाने सोलापूर जिल्हा होरपळून निघाला होता. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर सुमारे पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. आमच्या घरातलीही होती. दिवसभर खडी फोडायची आणि सुकडी खायची. पुढे पाऊस झाला. त्यानंतरच्या पहिल्याच यात्रेत मामाने मला तमाशाला नेले. मी दहा वर्षांचा होतो.

गण झाला, गवळण झाली. बतावणीत सोंगाड्याने सुकडीवर कोटी केली आणि कनात हसून फुटायची वेळ आली. मग वग लागला. राजा-राणीचा नव्हे, तर दुष्काळी कामावरच्या मुकादमाचा. हजेरीपटावर मेलेल्या माणसांची नावे लावून तो मजुरी उचलतो. त्यातला एक मेलेला माणूस आपली मजुरी मागायला येतो. ढोलकी थांबली आणि तो नुसता हात पुढे करून उभा राहिला. मघाशी हसणारी माणसे एकदम गप्प झाली. मामा डोळे पुसत होता. पुढचे मला आठवत नाही. मी झोपी गेलो.

पुढच्या वर्षी तोच फड आला. मी मोठ्या उत्साहाने विचारले, तर मामा फडाच्या सरदाराशी बोलून आला आणि म्हणाला, "आता पाऊसपाणी बरंय. लोकांना ते नको वाटतं. बंद केला त्यांनी."

वगाची रीतच अशी. उमा-बाबू सावळजकरांचा १८६५ सालचा 'मोहना-बटाव' हा पहिला वग मानतात. पुढे रेठरे हरणाक्षचे श्रीधर कुलकर्णी, म्हणजेच पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५), यांनी लावण्या आणि वग रचले आणि पवळाबाईंच्या साथीने गाजवले. अशी मोठी नावे राहिली. पण असंख्य वग कधी कागदावर आलेच नाहीत. कथानक सरदाराने सांगायचे आणि संवाद ज्याचे त्याने उभ्या उभ्या रचायचे. म्हणून कालच्या गावातली गोष्ट आजच्या वगात येऊ शके. आणि म्हणूनच वग बंद झाला की त्याची संहिता शोधायला जागाच नसे.

यामागे पोटाचे गणितही होते. फडातले कलावंत मालकाकडून उचल घेऊन हंगामाला बांधलेले. हंगाम साधारण दसऱ्यापासून वैशाखापर्यंत. पाडव्याच्या सुमारास नारायणगावला फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी तिथे येऊन सुपाऱ्या देतात. जो वग गर्दी खेचत नाही, तो ठेवून चालत नाही. विठाबाई नारायणगावकरांसारख्या थोर कलावतीलाही अखेरचे दिवस हलाखीत काढावे लागले. २००२ साली त्या गेल्या. तेव्हा सरदाराला मी दोष देत नाही.

पुढे वगाला दुसरीच अडचण आली. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले आणि २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने रात्री दहानंतरच्या ध्वनिक्षेपकबंदीवर शिक्कामोर्तब केले. सणासुदीला मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याची सोय आहे, तीही वर्षातले मोजके दिवस. म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या झोपेसाठी नियम योग्यच आहे. पण तमाशात वग येतो शेवटी. आधी गण, गवळण, त्यात सिनेमाच्या गाण्यांची भर. वेळ कमी पडला की कात्री वगालाच लागते. लोकांनी वग नाकारला असे म्हणण्याआधी, तो त्यांच्यापुढे किती वाजता आला, हेही पाहिले पाहिजे. कोरोनाच्या काळात तर यात्राच बंद राहिल्या आणि फड घरी बसले.

दुष्काळाचे आकडे सरकारी अहवालांत सापडतात. किती कामे निघाली, किती मजूर होते, हे मला वाचायला मिळाले. पण खडी फोडणाऱ्यांना मुकादमाविषयी काय वाटत होते, ते मला त्या कनातीत कळले. तोही दुष्काळाचा इतिहासच होता.

मामा आता नाही. त्या मेलेल्या माणसाला शेवटी मजुरी मिळाली की नाही, हे मी त्याला विचारायचे राहून गेले. तुमच्या घरात कुणी यात्रेतला वग पाहिलेला असेल, तर आजच त्यांच्यापाशी बसा आणि शेवटापर्यंत ऐकून घ्या. आणि लिहून ठेवा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)