गढ्याचे एक पान

आज जबलपूर शहरात सामावून गेलेले गढा हे एके काळी गोंड राजांचे राजधानीचे ठिकाण होते. मदनमहाल नावाची त्यांची लहानशी गढी जवळच्या टेकडीवर, एका प्रचंड खडकाच्या माथ्यावर, अजून उभी आहे. या घराण्याचा इतिहास शोधू जाता अभ्यासकाला मंडला जिल्ह्यातील नर्मदाकाठच्या रामनगरकडे वळावे लागते. हृदयशाहाने संवत १७२४, म्हणजे इसवी सन १६६७ मध्ये, तेथे एक संस्कृत शिलालेख कोरविला. यादवरायापासून स्वतःपर्यंत पन्नासाहून अधिक राजांची मालिका त्यात आहे. आरंभीच्या नावांवर इतिहासकार विश्वास ठेवीत नाहीत, आणि ते योग्यच आहे. तथापि आपल्याविषयी जगाला जे सांगावयाचे ते एका पृष्ठात कसे बसवावे, याचा हा उत्तम नमुना होय.

असे पृष्ठ करण्यास आता राजा असावे लागत नाही. संगणकाच्या जाळ्यावरील एकपानी संकेतस्थळ शाळकरी मुलासही करता येते. ही सोय कोठून आली, ते पाहू.

जिनिव्हानजीकच्या सर्न या संशोधनसंस्थेत देशोदेशीचे शास्त्रज्ञ येत. प्रत्येकाचे यंत्र निराळे, त्यामुळे एकाची टिपणे दुसऱ्यास सहज वाचता येत नसत. टिम बर्नर्स-ली या इंग्रज शास्त्रज्ञाने मार्च १९८९ मध्ये यावर एक योजना मांडली, १९९० च्या अखेरीस पहिले पान सिद्ध केले आणि ६ ऑगस्ट १९९१ रोजी त्याची वार्ता जाहीर केली. पानावर चित्र नव्हते. हे जाळे म्हणजे काय, एवढेच साध्या शब्दांत होते. लेखनाच्या खुणाही जेमतेम वीस. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने ही सारी सामग्री जगास विनामूल्य खुली केली. या विद्येच्या प्रसाराचे खरे श्रेय, माझ्या मते, यंत्रापेक्षा या दानपत्राला आहे.

समजा, गढ्याच्या एखाद्या विद्यार्थ्याला आपल्या गावाचे पान करावयाचे आहे. साधा मजकूर लिहिण्याची सोय प्रत्येक संगणकात असते, तेवढी पुरे. पानाचे दोन भाग, शिर आणि देह. शिरात शीर्षक घालावे. देहात मोठ्या मथळ्यासाठी 'एच-वन' आणि परिच्छेदासाठी 'पी' ही खूण कोनी कंसांत लिहावी, व मजकूर संपताच तीच खूण तिरकी रेघ देऊन मिटवावी. बहुतेक नवशिके येथेच चुकतात. मग राणी दुर्गावती आसफखानाशी लढताना २४ जून १५६४ रोजी पडली, हे एका परिच्छेदात येईल. १७८१ मध्ये हे राज्य सागरच्या मराठ्यांकडे गेले, हे दुसऱ्यात. 'ए' या खुणेने दुसऱ्या पानाकडे वाट काढून देता येते. फाइलीस 'इंडेक्स' हे नाव व 'एचटीएमएल' हे शेपूट दिले, की ती आपल्याच यंत्रावर, जाळ्याविनाही, उघडते. इतरांस दाखविण्यासाठी मात्र ती सदैव चालू असणाऱ्या सर्व्हरवर ठेवावी लागते.

मराठी लेखकासाठी शिरातील आणखी एक ओळ महत्त्वाची आहे: 'यूटीएफ-८' ही अक्षरपद्धती सांगणारी. १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात इंटरनेट सर्वसामान्यांस खुले झाले, तेव्हा मराठी स्थळे आपापले निरनिराळे फॉन्ट वापरीत. तो फॉन्ट जवळ नसेल, तर जबलपूरच्या वा इंदूरच्या मराठी वाचकापुढे रोमन अक्षरांचा निरर्थक कचरा उभा राही. महाराष्ट्राबाहेर राहून आपली भाषा जपणाऱ्यास ही केवळ गैरसोय नव्हती. त्याच्यापुरते ते पान मुकेच होते. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासूनच होती, आणि तिची मांडणी भारतीय 'इस्की' पद्धतीवरूनच घेतलेली होती. पण ती घरोघरच्या यंत्रांत रुजण्यास दहा वर्षांहून अधिक काळ लागला.

सर्नचे पहिले पान त्याच जागी वरचेवर बदलत गेले. त्याचे मूळ रूप जपण्याचे त्या वेळी कोणास सुचले नाही. २०१३ मध्ये संस्थेने जुन्या पत्त्यावर ते पुन्हा मांडले, ते १९९२ च्या प्रतीवरून. रामनगरच्या शिळेवर संवत कोरलेला आहे. आमच्या विद्यार्थ्यानेही पानाच्या तळाशी लिहिल्याचा दिनांक घालावा आणि एक प्रत स्वतःजवळ ठेवावी. कागदावर छापून ठेवली तरी चालेल.